कोर तितकेच, तरी कार्ड वेगळं

एनव्हिडियाचं जीटीएक्स १०८० टीआय हे ग्राफिक्स कार्ड मार्च २०१७ मध्ये आलं, आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये. दोघांच्या माहितीपत्रकात 'कूडा कोर' या ओळीपुढे एकच आकडा आहे: ३५८४. पहिल्याची अमेरिकेतली जाहीर किंमत होती ६९९ डॉलर, दुसऱ्याची ३२९. म्हणजे चार वर्षांनी नवं, कोर तितकेच आणि किंमत निम्म्याहून कमी. दोन्ही चालवून बघितली तर २०१८-१९ पर्यंतच्या बहुतेक गेममध्ये जुनं १०८० टीआय ३०६० च्या बरोबरीनं धावतं, कित्येकदा थोडं पुढेही जातं. आणि २०२५ मध्ये आलेल्या 'डूम: द डार्क एजेस'च्या किमान गरजेतसुद्धा ते बसत नाही, कारण त्या गेमला रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशकिरणांचं गणित करणारं, हार्डवेअर लागतंच. ३०६० वर तो गेम चालतो.

सेकंडहँड मोठं कार्ड घेऊ की नवं छोटं, असं विचारणारे बहुतेक जण सोबत दोन माहितीपत्रकांचे फोटो पाठवतात. कोर, जीबी आणि मेगाहर्ट्झ यांना पेनानं गोल केलेला असतो. ते आकडे खरेच असतात. पण ज्या पिढीच्या चिपचे आहेत त्या पिढीच्या आतच त्यांची एकमेकांशी तुलना होते. पिढी ओलांडली की तोच आकडा वेगळं काही सांगू लागतो. कुठला आकडा कुठवर ओढता येतो हे कळलं तर बरेच पैसे वाचतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी कोर

कोर म्हटलं की आपल्याला प्रोसेसर आठवतो, सहा कोरचा, आठ कोरचा. ग्राफिक्स कार्डातला कोर तेवढा मोठा नसतो. तो सूचना वाचत नाही, कुठलं काम आधी करायचं हेही ठरवत नाही. दोन अपूर्णांकी संख्यांचा गुणाकार करायचा आणि त्यात तिसरी मिळवायची, एवढं गणित करणारा तो चिपवरचा एक छोटा भाग आहे. असे बरेच कोर मिळून एक गट होतो. एनव्हिडिया त्या गटाला एसएम म्हणते. कामाची वाटणी गटाच्या पातळीवर होते. १०८० टीआयमध्ये असे २८ गट आहेत, प्रत्येकात १२८ कोर. ३०६० मध्येही २८ गट आणि प्रत्येकात १२८ कोर.

या कोरांवरूनच टेराफ्लॉप्सचा, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी गणितं होतात याचा, आकडा निघतो आणि त्याचं गणित अगदी सोपं आहे. एक कोर दर ठोक्याला एक गुणाकार आणि एक बेरीज करतो, म्हणून कोरांची संख्या गुणिले दोन गुणिले क्लॉक, म्हणजे सेकंदातले ठोके. १०८० टीआयचा बूस्ट क्लॉक, म्हणजे भार पडल्यावरचा जाहीर वेग, १५८२ मेगाहर्ट्झ (१.५८२ गिगाहर्ट्झ), म्हणून ३५८४ × २ × १.५८२ ÷ १००० म्हणजे साधारण ११.३ टेराफ्लॉप्स. ३०६० चा १७७७ मेगाहर्ट्झ, म्हणून १२.७. हा आकडा कोणी मोजलेला नसतो, तो फक्त गुणाकार असतो. सगळे कोर प्रत्येक ठोक्याला काम करतात असं त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि खऱ्या गेममध्ये तसं कधीच होत नाही. कोणाला मेमरीतून माहिती यायची वाट बघावी लागते, कोणाच्या वाट्याला त्या क्षणी कामच नसतं. दोन पिढ्यांमधला खरा फरक असतो तो हे कोर किती वेळ रिकामे बसतात यात, आणि ते माहितीपत्रकात कुठेही लिहिलेलं नसतं.

याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण जरा जुनं आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये जीटीएक्स ७८० टीआय आलं: २८८० कोर, मेमरीचा वेग सेकंदाला ३३६ जीबी, वीज २५० वॅट. दहा महिन्यांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये जीटीएक्स ९८० आलं: २०४८ कोर, २२४ जीबी, १६५ वॅट. टेराफ्लॉप्स काढले तर बूस्ट क्लॉकवर जुन्याचे साधारण ५.३ आणि नव्याचे ५. दोन्ही चिपा २८ नॅनोमीटरच्याच, त्यामुळे कारखान्यातल्या तंत्राचाही फायदा नव्हता. कोर, मेमरीचा वेग आणि टेराफ्लॉप्स बघणाऱ्याला नवं कार्ड मागे दिसणार. तरीही ९८० वेगवान निघालं.

कारण आधीच्या केप्लर पिढीत एका गटात १९२ कोर होते आणि त्यांना काम वाटणाऱ्या चार यंत्रणांमध्ये सगळे सामाईक होते. एवढ्या कोरांना सतत कामाला लावायचं तर सूचना अगदी जुळून याव्या लागत, त्या बऱ्याचदा जुळत नसत. मॅक्सवेल पिढीत गटात १२८ कोर ठेवले, त्यांचे ३२-३२ चे चार भाग केले आणि प्रत्येक भागाला स्वतःचा वाटप करणारा दिला. कोर कमी झाले पण रिकामे बसणं त्याहून जास्त कमी झालं. शिवाय रंगांची माहिती मेमरीत लिहिण्यापूर्वी दाबून लहान करण्याची पद्धत सुधारली, त्यामुळे कमी बँडविड्थही, म्हणजे मेमरीचा कमी वेगही, पुरू लागली. इंजिनिअरिंग म्हणून मला या पिढीचं फार कौतुक वाटतं. त्याच २८ नॅनोमीटरच्या तंत्रातून, जवळजवळ एक तृतीयांश वीज वाचवून त्यांनी जास्त काम काढलं.

उलट दिशेचं उदाहरणही बघायला हवं. २०१८ चं आरटीएक्स २०८० टीआय: ४३५२ कोर, साधारण १३.४ टेराफ्लॉप्स. २०२० चं आरटीएक्स ३०७०: ५८८८ कोर, २०.३ टेराफ्लॉप्स. कागदावर नवं कार्ड दीडपट, गेममध्ये मात्र दोघं जवळपास सारखी. इथे कोर मोजण्याची रीत बदलली होती. गेमच्या कामात अपूर्णांकी गणिताबरोबर पूर्णांकांचं गणितही लागतं, मेमरीतले पत्ते काढायला वगैरे. ट्यूरिंग पिढी आणताना एनव्हिडियानेच सांगितलं होतं की दर १०० अपूर्णांकी सूचनांमागे साधारण ३६ पूर्णांकी सूचना येतात. म्हणून २०८० टीआयच्या प्रत्येक गटात ६४ जागा अपूर्णांकांसाठी आणि वेगळ्या ६४ जागा पूर्णांकांसाठी होत्या, आणि कोर म्हणून मोजल्या त्या फक्त पहिल्या ६४. पुढच्या अँपिअर पिढीत दुसऱ्या ६४ जागांनाही अपूर्णांकांचं गणित येऊ लागलं, तेव्हापासून गटात १२८ कोर मोजायला लागले. पण पूर्णांकांचं काम आलं की त्यातल्या काही जागा त्यातच अडकतात. म्हणून २०-मालिकेचे कोर आणि ३०-मालिकेचे कोर थेट शेजारी ठेवू नयेत. २०-मालिकेच्या कार्डाला कोर कमी दिसले म्हणून ते हलकं ठरत नाही.

आता १०८० टीआय आणि ३०६० कडे परत येऊ. कोर तितकेच आणि टेराफ्लॉप्स थोडे कमीच असतील तर जुनं कार्ड पुढे कसं जातं? कारण चिपवर कोरांखेरीज आणखी बरंच काही असतं. पृष्ठभागांवरची चित्रं, म्हणजे टेक्स्चर, वाचून आणणारे भाग १०८० टीआयमध्ये २२४ आहेत, ३०६० मध्ये ११२. तयार झालेला पिक्सेल शेवटी मेमरीत लिहिणारे भाग, ज्यांना आरओपी म्हणतात, ते ८८ विरुद्ध ४८. मेमरीची बँडविड्थ सेकंदाला ४८४ जीबी विरुद्ध ३६०. एक आपल्या पिढीतलं जवळजवळ सर्वांत वरचं कार्ड होतं, दुसरं मधल्या फळीतलं. ही ताकद कोरांच्या ओळीत दिसत नाही.

मेमरी: किती आहे आणि किती वेगानं येते

दुकानात सगळ्यांत आधी विचारलं जातं ते 'किती जीबीचं आहे?' हा प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. जीटी ७३० नावाचं कार्ड आपल्याकडे वर्षानुवर्षं '४ जीबी' म्हणून विकलं गेलं, आणि त्यातल्या अनेकांवर साधी डीडीआर३ मेमरी होती. तेवढी मेमरी भरेल असं काम करायला ती चिप मुळात असमर्थ होती.

बँडविड्थ काढायचं गणितही पाठ करून ठेवण्यासारखं आहे: बसची, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यामधल्या वाटेची, रुंदी बिटमध्ये, गुणिले त्यातल्या एका बिटच्या वाटेचा वेग गिगाबिटमध्ये, भागिले आठ. १०८० टीआय: ३५२ × ११ ÷ ८ = ४८४. ३०६०: १९२ × १५ ÷ ८ = ३६०. यावरून बस अरुंद दिसली म्हणून कार्ड लगेच बाद करायचं नाही हेही कळतं. २०२५ च्या आरटीएक्स ५०६० ची बस फक्त १२८ बिटची आहे, पण तिच्यावरची जीडीडीआर७ मेमरी २८ गिगाबिटनं चालते, म्हणून १२८ × २८ ÷ ८ = ४४८. आरटीएक्स ३०७० ची बस याच्या दुप्पट, २५६ बिटची, पण मेमरी १४ ची. गुणाकार तोच, ४४८.

याच गणितानं एक फसगतही टळते. जीटी १०३० हे छोटं कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आलं, बँडविड्थ साधारण ४८ जीबी. २०१८ मध्ये त्याच नावाखाली डीडीआर४ मेमरीचं रूप निघालं, बँडविड्थ १६.८. कोर तेच ३८४, जीबी तेच २, नावही तेच, पण गेममध्ये दुसऱ्याचा वेग पहिल्याच्या निम्म्यावर येऊ शकतो. खोक्यावर एक छोटी ओळ असते तेवढीच ओळख.

मग २०२३ चं आरटीएक्स ४०६० घ्या. बस १२८ बिट, मेमरी १७ गिगाबिट, बँडविड्थ २७२. आधीच्या ३०६० पेक्षा जवळजवळ पाव कमी. कोरही कमी, ३०७२. हे कार्ड आलं तेव्हा खूप लोक चिडले होते, आणि आकडे बघून चिडणं साहजिकच होतं. तरी १०८० पी, म्हणजे फुल एचडी पडद्यावर ते ३०६० च्या पुढे जातं. एक कारण क्लॉक: ३०६० चा १७७७, याचा २४६०. दुसरं कारण कॅश. कॅश म्हणजे चिपच्या आतच ठेवलेली छोटीशी, फार वेगवान मेमरी. ३०६० मध्ये एल२ कॅश ३ एमबी होती, ४०६० मध्ये २४ एमबी. ओट्यावर मिसळणाचा डबा भरलेला असला की स्वयंपाक करताना दर खेपेला माळ्यावरची बरणी काढावी लागत नाही, तसंच हे आहे. एकदा वाचलेली माहिती चिपवरच सापडली की बाहेरच्या मेमरीकडे जायच्या फेऱ्या कमी होतात आणि कमी बँडविड्थमध्ये भागतं. ही वाट एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीनं आधी मोठ्या प्रमाणावर वापरली होती, २०२० च्या आरएक्स ६८०० एक्सटीमध्ये १२८ एमबीची 'इन्फिनिटी कॅश' देऊन.

पण कॅशला मर्यादा आहे. पडद्याचं रिझोल्यूशन वाढलं की एका फ्रेमला लागणारी माहिती वाढते, ती कॅशमध्ये मावत नाही आणि शेवटी बाहेर जावंच लागतं. आरटीएक्स ३०६० टीआय (४४८ जीबी) आणि आरटीएक्स ४०६० टीआय (२८८ जीबी, ३२ एमबी कॅश) यांची तुलना करताना हेच दिसतं. १०८० पीवर नवं पुढे असतं, ४के कडे जाताना ही आघाडी आटत जाते आणि काही गेममध्ये जुनं बरोबरी गाठतं. त्यामुळे कॅशच्या पिढीतल्या कार्डाची चाचणी बघताना ती कुठल्या रिझोल्यूशनवर केली आहे हे आधी बघावं, आणि आपला मॉनिटर कुठला आहे तेही.

आणि आता 'किती जीबी'. मेमरी पुरते तोवर जास्त असण्याचा काहीही फायदा नाही. जिथे ती अपुरी पडते तिथे मात्र बाकी सगळे आकडे निरुपयोगी होतात. मेमरी भरली की उरलेली माहिती कॉम्प्युटरच्या रॅममध्ये जाते आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं त्याच्या, वाटेनं ये-जा करू लागते. कार्डाच्या मेमरीचा वेग शेकड्यांत असतो, त्या वाटेचा वेग सेकंदाला आठ ते बत्तीस जीबीच्या घरात. सरासरी फ्रेम ठीक दिसतात आणि मध्येच गेम अडखळतो, किंवा टेक्स्चर धूसर राहतात. म्हणून १२ जीबीचं ३०६० काही नव्या गेममध्ये, टेक्स्चर वर ठेवले तर, ८ जीबीच्या ४०६० पेक्षा जास्त सुरळीत चालतं. ब्लेंडरमध्ये मोठा सीन रेंडर करणाऱ्याला किंवा घरच्या कॉम्प्युटरवर भाषेची एआय मॉडेल चालवणाऱ्याला मी वेगाच्या आधी जीबी बघायला सांगतो, कारण तिथे मॉडेल मेमरीत मावलं नाही तर वेग कोसळतोच. गेमसाठी २०१६-१७ मध्ये ६ ते ८ जीबी ऐसपैस होते. आज नवं कार्ड घेऊन चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर ८ जीबी घेताना मी दोनदा विचार करीन.

स्लॉटमध्ये बसतं, पण किती लेननं?

ही ओळ जवळजवळ कोणीच वाचत नाही आणि जुन्या मदरबोर्डवर नवं कार्ड लावणाऱ्याला तीच नडते. लेन म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेतल्या समांतर मार्गिका. १०८० टीआय आणि ३०६० दोन्ही १६ लेन वापरतात. ४०६० आणि ५०६० दिसायला लांब स्लॉटमध्येच बसतात, पण त्यांना वायरिंग आठच लेनचं आहे. नव्या बोर्डावर काही बिघडत नाही, कारण पीसीआय एक्स्प्रेसच्या ४.० आवृत्तीची एक लेन जुन्या ३.० च्या दुप्पट वाहते. बोर्ड ३.० चा असेल तर ४०६० ला मिळते ती सेकंदाला साधारण ८ जीबीची वाट, त्याला मिळू शकणाऱ्या वाटेच्या निम्मी. मेमरी पुरत असेल तोवर फरक थोडाच पडतो. मेमरी भरली की तोच फरक टोचतो.

याचं टोक म्हणजे २०२२ चं एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी. ४ जीबी मेमरी, ६४ बिटची बस आणि फक्त चार लेन. मेमरी लवकर भरणार आणि भरली की वाट सर्वांत अरुंद. ३.० च्या बोर्डावर २०१७ चं जुनं आरएक्स ५८० काही गेममध्ये त्याच्या पुढे राहतं. शिवाय ६५०० एक्सटीमध्ये व्हिडिओ एन्कोड करायचं हार्डवेअरच नाही, त्यामुळे स्क्रीन रेकॉर्डिंग किंवा लाइव्ह स्ट्रीमिंगचा भार प्रोसेसरवर येतो. नावातल्या '६५००' वरून हे कोणाला कळणार?

इंटेलच्या आर्क कार्डांचा विचार करत असाल तर बोर्डात 'रिसायझेबल बार' ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी, सोय आहे का ते आधी तपासा. ती नसेल तर त्या कार्डांचा वेग बराच पडतो.

नावात काय असतं

एनव्हिडियाच्या नावांचा साधारण नियम असा की पहिले आकडे पिढी सांगतात आणि शेवटचे दोन दर्जा: ५० खाली, ६० मधलं, ८० वरचं. हा नियम कंपन्याच मोडत आल्या आहेत. जीटीएक्स १०६० दोन प्रकारांत आलं, ६ जीबी आणि ३ जीबी. फरक फक्त मेमरीचा असावा असं कोणालाही वाटेल, पण ३ जीबीवाल्यात कोरही १२८० ऐवजी ११५२ होते. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीचं रूप २५६० कोर आणि १२८ बिटचं, आणि २०२४ च्या सुरुवातीला आलेलं ६ जीबीचं रूप २३०४ कोर आणि ९६ बिटचं, बँडविड्थ २२४ वरून १६८. एएमडीचं 'आरएक्स ५८० २०४८एसपी' कोरांच्या हिशेबानं खरं तर आरएक्स ५७० आहे, कारण खऱ्या ५८० मध्ये २३०४ आहेत. मला हे नाव-चाळे मनापासून खटकतात. ग्राहकाला अर्धवट माहिती देऊन विकणं आहे ते, आणि त्याचा फटका बसतो तो कमी पैशात काहीतरी बरं मिळावं म्हणून धडपडणाऱ्या माणसाला.

असं असलं तरी ३०५० चं ६ जीबीचं रूप एका कामासाठी छान आहे. ते ७० वॅटवर चालतं आणि सगळी वीज स्लॉटमधूनच घेऊ शकतं, कारण स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत मिळतात. ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड डेस्कटॉपमध्ये, जिथे एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, ग्राफिक्स कार्डाची वायरच नसते, तिथे हे बिनबोभाट बसतं.

आकड्यांत न मावणारं

२०१८ च्या आरटीएक्स २०-मालिकेपासून एनव्हिडियाच्या कार्डांवर दोन नवे भाग आले: प्रकाशकिरणांचं गणित करणारे आरटी कोर आणि एआयचं गणित करणारे टेन्सर कोर. १०८० टीआयमध्ये दोन्ही नाहीत. टेन्सर कोरांमुळे डीएलएसएस चालतं, म्हणजे गेम कमी रिझोल्यूशनवर काढायचा आणि मग तो नीटस मोठा करायचा. हे मी खरोखर उपयोगाचं मानतो, आणि २०-मालिकेपासूनच्या सगळ्या आरटीएक्स कार्डांवर ते मिळतं. जुन्या-नव्याच्या तुलनेत ३०६० चं पारडं इथेच जड होतं.

फ्रेम जनरेशन ही वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्हींची गल्लत होते. त्यात दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्ड स्वतः बनवलेली फ्रेम घालतं. ४०-मालिकेत अशी एक, ५०-मालिका आली तेव्हा तीनपर्यंत. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या कार्यक्रमात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे ४०९० इतकी कामगिरी देतं असं सांगितलं. ५०७० मध्ये ६१४४ कोर आणि १२ जीबी, ४०९० मध्ये १६३८४ कोर आणि २४ जीबी. हा दावा त्या बनवलेल्या फ्रेम मोजून केलेला होता. पडद्यावर हालचाल जास्त सलग दिसते हे खरं, पण माउस हलवल्यावर गेमनं प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ खऱ्या फ्रेमवरच ठरतो. म्हणून तुलनेचा तक्ता बघताना खाली बारीक अक्षरात फ्रेम जनरेशन सुरू होतं का ते शोधा, आणि सुरू असेल तर तो तक्ता बाजूला ठेवा.

व्हिडिओचं काम करणाऱ्यांनी आणखी एक ओळ बघावी. एव्ही१ हा नवा व्हिडिओ प्रकार हार्डवेअरवर उलगडणं ३०-मालिकेपासून जमतं, त्यात रेकॉर्ड करणं ४०-मालिकेपासून.

आणि ड्रायव्हर. जीटीएक्स ९०० आणि १०-मालिकेसाठी गेमचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत तीन-तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेचे अपडेट येणार आहेत. कूडाच्या, म्हणजे कार्डावर गणितं चालवायच्या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरच्या, १३ व्या आवृत्तीनंही या पिढ्या सोडल्या. आज १०८० टीआय बंद पडणार नाही, जुने गेम तसेच चालतील. पण नवा गेम त्यावर नीट चालावा म्हणून आता कोणी मेहनत घेणार नाही, आणि ही गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

विजेचा हिशेब थोडक्यात. १०८० टीआय २५० वॅटचं, ४०६० फक्त ११५. रोज चार तास पूर्ण भार धरला तर फरक दिवसाला ०.५४ युनिट, वर्षाला साधारण १९७ युनिट. आपल्या बिलावरचा दर त्याला गुणा. शिवाय जुन्या मोठ्या कार्डासाठी चांगला एसएमपीएस घ्यावा लागला तर स्वस्तात मिळालेलं कार्ड तेवढं स्वस्त राहत नाही.

सेकंडहँड घेताना

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरिअम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर गणितं करून ते चलन मिळवणं, बंद झालं आणि त्यात राबलेली कार्डं जगभर बाजारात उतरली. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत, किंवा ऑनलाइन कोणाकडून, सेकंडहँड कार्ड घेणार असाल तर ते लावून, चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सोबत पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम न्या.

पहिल्यांदा कार्डाची मागची पट्टी बघा. बनावट जीटीएक्स १०५० टीआय खूप फिरत होती. आत जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयच्या जुन्या चिपा आणि बायॉस (कार्डाच्या आत साठवलेला मूळ प्रोग्राम) बदलून दाखवलेलं नवं नाव. १०-मालिकेच्या चिपमध्ये ॲनालॉग व्हीजीए आउटपुटच नाही, त्यामुळे '१०५० टीआय'वर निळं व्हीजीए पोर्ट दिसलं तर तिथेच शंका घ्यावी. जीपीयू-झेड अशा अनेक बनावट कार्डांच्या नावाआधी तसं लिहूनच दाखवतो.

मग त्याच खिडकीत कोरांची संख्या (तिथे 'शेडर्स' म्हणून येते), मेमरीचा प्रकार, बसची रुंदी आणि बँडविड्थ या ओळी वाचा. १०६० म्हणून दिलेल्या कार्डात ११५२ दिसले तर ते ३ जीबीवाल्याचे आकडे आहेत. ५८० म्हणून दिलेल्यात २०४८ दिसले तर किंमत ५७० ची द्यायची. 'बस इंटरफेस'च्या ओळीत स्लॉटची आवृत्ती आणि लेन दिसतात. कार्ड रिकामं असताना तिथे १.१ असं दिसलं तर घाबरू नका, वीज वाचवायला ते स्वतःच खाली उतरलेलं असतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून तिथली रेंडर चाचणी सुरू करा, आकडा वर जायला हवा. सोळा लेनचं कार्ड तरीही आठ किंवा चारच लेन दाखवत असेल तर ते काढून सोनेरी पट्ट्या पुसा आणि पुन्हा नीट बसवून बघा. दुसऱ्या बोर्डावरही तेच दिसलं तर घेऊ नका.